क्लॅटच्या सरावाची नोंदवही: काय लिहायचं, कधी लिहायचं आणि वाचायचं कसं

क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी पहिल्या भेटीत सरावाची वही मागते. बहुतेकांच्या वहीत मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षांच्या, गुणांची यादी असते: ७१, ६४.७५, ७३.५, ६८. पुढे काही नाही. मी विचारते, "६४.७५ च्या दिवशी काय झालं होतं?" तीन आठवड्यांपूर्वीचा पेपर असतो, त्यामुळे कुणालाच आठवत नाही. "त्या दिवशी पेपर अवघड होता बहुतेक," एवढंच उत्तर येतं.

माझ्या तयारीच्या वर्षी माझ्याकडेही अशीच यादी होती, टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली. रोज ती दिसायची, रोज पोटात गोळा यायचा, आणि तरीही उद्या सकाळी अभ्यासाला बसल्यावर नेमकं काय करायचं, हे त्या आकड्यांकडे बघून कधीच कळलं नाही. पुढे मुलांबरोबर बसायला लागले आणि त्यांच्या चुका एकेक करून लिहून काढल्या, तेव्हा नोंद कशाची ठेवायची ते उमगलं. उद्याच्या अभ्यासात काही बदल सुचवते तीच नोंद कामाची. बाकीची जपून काही उपयोग नाही.

आधी परीक्षेचा साचा नीट बघा

क्लॅट यूजीमध्ये, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाच्या पेपरात, १२० प्रश्न आणि १२० मिनिटं. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला ०.२५ वजा, रिकाम्या जागेला शून्य. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, चालू घडामोडी आणि सामान्यज्ञानाचे २८ ते ३२, लीगल रीझनिंगचे २८ ते ३२, लॉजिकल रीझनिंगचे २२ ते २६ आणि क्वांटचे, म्हणजे आकडेमोडीचे, १० ते १४. सगळे प्रश्न उताऱ्यांवर, आणि उत्तरं ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर.

हे सगळ्यांना पाठ असतं. तरी जुने पेपर सोडवताना एक घोटाळा होतोच. उताऱ्यांवर आधारलेली पद्धत २०२० पासूनची आहे. त्याआधी २०० प्रश्न असायचे आणि बरेचसे सुटे, एका ओळीचे. २०२० ते २०२३ या वर्षांत १५० प्रश्न होते, आणि २०२४ च्या प्रवेशाच्या परीक्षेपासून १२० झाले. वेळ मात्र सगळीकडे दोन तासच. म्हणजे १५० च्या पेपरात एका प्रश्नाला ४८ सेकंद मिळायची, आता पूर्ण मिनिट मिळतं. हे दोन पेपर एकाच आलेखावर मांडले तर आलेख खोटं बोलतो. १५० प्रश्नांचे पेपर मी विभागवार सरावाला देते, त्यांचे एकूण गुण वहीत लिहायला लावत नाही. २०२० च्या आधीचे पेपर चाळायला हरकत नाही, प्रगती मोजायला ते घेऊ नका.

आणखी एक सांगते. जुना पेपर तपासताना अंतिम उत्तरतालिकाच घ्या. २०२५ च्या परीक्षेच्या उत्तरतालिकेवरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. इंटरनेटवर फिरणाऱ्या तात्पुरत्या तालिकेवरून तपासलंत तर तुमचं बरोबर उत्तर वहीत चूक म्हणून बसेल, आणि चुकीचा धडा पाठ होईल.

पहिली पायरी: सुरुवातीचा एक पेपर

तयारीच्या पहिल्या आठवड्यातच १२० प्रश्नांचा एक जुना पेपर पूर्ण सोडवा. "आधी थोडा अभ्यास होऊ दे" म्हणत हा पेपर पुढे ढकलू नका. परीक्षा दुपारी २ ते ४ असते, म्हणून पेपरही दुपारी २ ला घ्या. जेवण झालेलं असतं, डोळे जड होतात, आणि नेमक्या त्याच वेळेला डोकं चालवायचं असतं. ओएमआरची छापील प्रत घ्या, पेनानेच गोल भरा. गोल भरायला लागणारा वेळ घरच्या सरावात धरलाच जात नाही, आणि परीक्षेच्या दिवशी तो अंगावर येतो.

आलेले गुण वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. त्या आकड्याचं काम एवढंच, की चार महिन्यांनी मागे वळून बघताना सुरुवात कुठून झाली ते दिसावं.

दुसरी पायरी: सोडवतानाच खूण करा

पद्धतीचा कणा हाच, आणि मुलं नेमकी हीच पायरी गाळतात.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरवल्यावर, प्रश्नपत्रिकेवर क्रमांकाशेजारी एक अक्षर लिहायचं. 'ख' म्हणजे खात्री आहे. 'द' म्हणजे दोन पर्यायांत अडकलो आणि एक निवडला. 'अ' म्हणजे निव्वळ अंदाज. सोडलेल्या प्रश्नाला काहीच नाही. एका अक्षराला सेकंदसुद्धा लागत नाही. सुरुवातीचे दोन पेपर विसरायला होईल, तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो.

पेपर झाल्यावर आठवून खुणा करायच्या नाहीत. उत्तरतालिका बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं की "हे मला येतच होतं." ते मनापासून वाटतं, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येत नाही. तुम्हाला त्या क्षणी काय वाटत होतं याचा पुरावा त्या क्षणीच कागदावर उतरायला हवा.

दुसरी खूण वेळेची. प्रत्येक उतारा संपला की समासात घड्याळातली वेळ लिहा: २.०९, २.१६, २.२८. पेपर संपल्यावर बघा, कुठल्या उताऱ्याला १२ मिनिटं गेली आणि त्यातून किती गुण आले. मला बहुतेक पेपरांत असा एखादा उतारा सापडतो, ज्यात मूल हट्टाने रुतून बसलेलं असतं आणि शेवटच्या भागातले सोपे चार प्रश्न त्यापायी हुकलेले असतात.

तिसरी पायरी: उत्तरं बघण्याआधी पुन्हा सोडवणं

पेपर संपला, अर्धा तास पाय मोकळे करून या, पण उत्तरतालिका उघडू नका. ऑनलाइन मॉक असेल तर निकालाचं पान बंदच ठेवा. परत बसून 'द' आणि 'अ' खुणेचे सगळे प्रश्न, आणि सोडलेले प्रश्न, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. नवं उत्तर वेगळ्या रंगात लिहा. चालू घडामोडींचे प्रश्न यातून वगळा, कारण माहिती नसेल तर निवांत बसूनही ती उगवत नाही.

मग तपासा. आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत: वेळेतले गुण आणि निवांत गुण. समजा वेळेत ६२.५ पडले आणि निवांत ८१. म्हणजे समज आहे, ती वेळेच्या दडपणाखाली बाहेर येत नाही. अशा मुलाने नवे धडे, नवी पुस्तकं घेण्यात अर्थ नाही. त्याला उतारे निवडण्याचा, रुतण्याआधी पुढे जाण्याचा आणि वाचनाच्या वेगाचा सराव हवा. दुसऱ्या मुलीचे वेळेत ६२.५ आणि निवांत ६६. ती घाईत नाही, तिला मुळातच युक्तिवाद नीट उलगडत नाहीत. तिने आठवडाभर मॉक बाजूला ठेवून एकेका उताऱ्यावर अर्धा-अर्धा तास बसलं पाहिजे. दोघांचे गुण सारखे, औषध निरनिराळं. नुसत्या गुणांच्या यादीत हा फरक कधीच दिसला नसता.

चौथी पायरी: चुकांची वही

इथे वेळ द्या. दोन तासांच्या मॉकला पुनर्सोडवणूक धरून किमान तीन तासांची चिकित्सा लागते. तेवढा वेळ नसेल तर त्या आठवड्यात मॉक कमी द्या.

प्रत्येक चुकीची एक नोंद. मॉकचा क्रमांक, विभाग, उताऱ्याचा विषय, खूण, मी निवडलेला पर्याय, बरोबर पर्याय, चुकीचं कारण, आणि पुढच्या वेळी काय करायचं. शेवटचे दोन रकाने स्वतःच्या शब्दांत, पूर्ण वाक्यात लिहायचे.

सुरुवात कुठून करायची? 'ख' खूण असून चुकलेल्या प्रश्नांपासून. अंदाज चुकला तर काय शिकायचं ते आधीच माहीत असतं. पण खात्री होती आणि तरी चुकलं, याचा अर्थ डोक्यात काहीतरी वाकडं बसलंय आणि त्याची आपल्याला खबरच नाही. १२० पैकी असे पाच-सहाच निघतील. त्या पाच-सहांवर तासभर गेला तरी तो सार्थकी लागला असं समजा.

एक नमुना देते. लीगलच्या उताऱ्यात नियम होता: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं म्हणजे अतिक्रमण, शिरणाऱ्याचा हेतू काहीही असो. प्रश्नातला माणूस वाट चुकून शेजारच्या जमिनीत गेला होता. माझ्या भाचीने 'तो दोषी नाही' हा पर्याय निवडला, खूण 'ख'. तिची नोंद अशी होती: "त्याने मुद्दाम केलं नव्हतं म्हणून मी त्याला सोडलं. उताऱ्याने हेतू आधीच बाजूला काढला होता. मी नियम लावला नाही, मला जे न्याय्य वाटलं ते लावलं. पुढच्या वेळी: नियमातल्या अनलेस, ओन्ली, इररिस्पेक्टिव्ह अशा शब्दांखाली रेघ मारूनच प्रश्नाकडे जायचं." ही नोंद लिहिल्यावर तिने मागची पानं चाळली, तर तशाच आणखी चार चुका सापडल्या. चार वेगवेगळे विषय होते, कारण तेच.

"सिली मिस्टेक" हे शब्द या वहीत लिहायला माझी मनाई आहे. त्या शब्दांनी चूक झाकली जाते आणि मन मोकळं होतं, एवढंच. 'नॉट' वाचायचा राहिला असेल तर "प्रश्नातला नॉट वाचला नाही" असं लिहा. उत्तर ४७ चं आणि गोल ४८ चा भरला असेल तर तसंच लिहा. तीच नोंद तीनदा आली की ती सवय आहे हे आपसूक कळतं, आणि सवयीवर उपाय करता येतो. ओएमआरच्या चुकीवर उपाय साधा आहे: प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोल भरायचे, आणि भरताना पहिला-शेवटचा क्रमांक ताडून बघायचा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक कारण मी वेगळं ठेवायला सांगते: शब्द अडला. उतारा समजला, युक्तिवाद समजला, पण पर्यायातल्या एका इंग्रजी शब्दामुळे चूक झाली. हे वेगळं न ठेवल्याने कितीतरी हुशार मुलं स्वतःला "लॉजिकल जमत नाही" असा शिक्का मारून घेतात. मोजलं की कळतं, लॉजिकलच्या आठ चुकांपैकी पाच शब्दांच्या होत्या. त्याला रोज इंग्रजी वाचन आणि शब्दांची यादी हा इलाज आहे, लॉजिकलचा आणखी एक क्लास नाही.

पाचवी पायरी: अंदाजाचं खातं

निगेटिव्ह मार्किंगबद्दल मुलांना दोनच प्रकारचे सल्ले मिळतात: "खात्री असेल तरच लिहा" किंवा "सगळं सोडवा." यातला तुमच्यासाठी कुठला खरा, ते तुमची वहीच सांगू शकते.

आधी साधा हिशोब. पाच प्रश्न अंदाजाने सोडवले, एक बरोबर आला, चार चुकले: १ वजा ४ गुणिले ०.२५, म्हणजे शून्य. तेव्हा सीमारेषा २० टक्क्यांची. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरी २५ टक्के बरोबर यावेत, म्हणजे कागदावर तरी अंदाज किंचित फायद्याचा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.३७५ गुण हाती लागतात. असा प्रश्न सोडून देणं म्हणजे गुण टाकून येणं.

पण आपला अंदाज डोळे मिटून केलेला नसतो. चुकीचे पर्याय बरोबर वाटावेत असेच रचलेले असतात, आणि अर्धवट समजलेल्या उताऱ्यात आपण नेमके त्यांच्याकडे ओढले जातो. म्हणून स्वतःचा आकडा काढा. पाच मॉकमध्ये मिळून 'अ' खुणेचे ४० प्रश्न सोडवले, १४ बरोबर आले, २६ चुकले. १४ वजा ६.५, म्हणजे साडेसात गुणांचा फायदा, दर मॉकमागे दीड. मग खुशाल सोडवा. हेच खातं विभागवार मांडा. चालू घडामोडींत तुमचा अंदाज ३५ टक्के लागत असेल आणि लॉजिकलमध्ये १५ टक्केच, तर लॉजिकलमधले 'अ' प्रश्न रिकामे सोडायचे, बाकीकडे हात आखडता घ्यायचा नाही. 'द' खुणेचंही असंच. तिथे निम्म्याच्या आसपास बरोबर यायला हवेत. त्याहून बरेच कमी येत असतील, तर शेवटच्या दोन पर्यायांत निवड करताना तुमची काहीतरी ठरावीक चूक होतेय. ती चुकांच्या वहीत शोधा.

चाळीस-पन्नास प्रश्न जमेपर्यंत मात्र निष्कर्ष काढू नका. दहा प्रश्नांवरून निघालेल्या टक्केवारीवर पैज लावण्यात अर्थ नाही.

एमएच-सीईटी लॉ या राज्याच्या कायदा प्रवेश परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. त्या सरावापुरतं हे खातं बंद.

चालू घडामोडींची वेगळी पाटी

जवळपास पाव पेपर या विभागाचा, आणि त्याची प्रगती मॉकच्या गुणांतून नीट कळत नाही, कारण कुठल्या पेपरात काय येईल ते आपल्या हाती नसतं. मी दोनच कारणं लिहायला लावते: 'वाचलंच नव्हतं' आणि 'वाचलं होतं, आठवलं नाही.' शेजारी तो विषय कुठल्या महिन्यातला ते. दीड-दोन महिन्यांत चित्र उमटतं. पहिलं कारण जास्त असेल तर वाचनाचा पसारा कमी पडतोय. दुसरं जास्त असेल तर नवं वाचणं निम्म्याने कमी करून उजळणी वाढवा. परीक्षेआधीच्या उन्हाळ्यातल्या महिन्यांसमोर सगळ्यांच्याच वहीत खुणा दाटतात, कारण तेव्हा वाचलेलं पुन्हा उघडलेलं नसतं.

सहावी पायरी: आठवड्यातून एकदा वही वाचणं

रविवारी अर्धा तास. गेल्या चार मॉकची सरासरी काढा आणि तीच आलेखावर मांडा, सुट्या मॉकचे गुण मांडू नका. सुरुवातीला दिलेले चार आकडे घ्या: ७१, ६४.७५, ७३.५, ६८. सरासरी ६९.३. पुढच्या मॉकमध्ये ७५.५ पडले, तर पहिला आकडा गाळून नवी सरासरी ७०.४. मूल ७५.५ पाहून हवेत जातं आणि ६४.७५ पाहून दोन दिवस जेवत नाही. खरा बदल साधारण एका गुणाचा आहे. एका पेपरात पाच-सहा गुण इकडेतिकडे होणं अगदी स्वाभाविक आहे. दोन उतारे ओळखीच्या विषयावरचे निघाले, दोन अंदाज लागले, की तेवढा फरक पडतोच.

मॉक एकाच मालिकेतले असतील तरच एका आलेखावर. निरनिराळ्या क्लासच्या पेपरांची काठिण्यपातळी निरनिराळी असते, त्यांची सरळ तुलना होत नाही. दोन मालिका देत असाल तर दोन रेषा काढा.

सरासरी महिनाभर हललीच नाही तर आत डोकवा. माझ्या भाचीची सहा आठवडे सत्तरच्या आसपास अडकली होती. ती पार खचली होती. विभागवार मोजलं तर लीगलच्या चुका ११ वरून ६ वर आल्या होत्या, आणि त्याच काळात चालू घडामोडींत 'वाचलंच नव्हतं' वाढत गेलं होतं, कारण लीगलपायी तिने वर्तमानपत्र सोडलं होतं. तिने केलेले कष्ट फळले होते, फक्त दुसऱ्या बाजूची गळती त्यांना झाकत होती. रोजचा पाऊण तास पुन्हा वर्तमानपत्राला दिला आणि तीन आठवड्यांत रेघ वर सरकली.

रविवारच्या शेवटी येत्या आठवड्यासाठी एकच बदल लिहा. एकाच वेळी चार बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या चुकांपैकी दहा प्रश्न निवडून कोरे पुन्हा सोडवा. पर्यायाचं अक्षर आठवत असेल तरी कारण सांगता येतंय का ते बघा. सांगता आलं तर त्या नोंदीवर आडवी रेघ मारा. नाही आलं तर ती पुढच्या रविवारी पुन्हा.

घरच्यांसाठी थोडंसं

मॉक संपवून खोलीबाहेर आलेल्या मुलाला "किती पडले?" असं विचारलं, की ते उत्तरतालिका आधी उघडतं आणि पुनर्सोडवणूक राहून जाते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आईबाबांनाच भेटीला बोलावते. विचारायचंच असेल तर रविवारी विचारा, आणि "या आठवड्यात कुठली चूक कमी झाली?" असं विचारा. मुलाला दाखवायला काहीतरी असतं, आणि तेही उत्साहाने वही उघडतं.

शेवटचा महिना

आठवड्याला दोन, फार तर तीन मॉक. त्याहून जास्त दिले तर चिकित्सा होत नाही. शेवटच्या दहा दिवसांत वहीत नवी भर नको, फक्त 'पुढच्या वेळी काय करायचं' हा रकाना पहिल्या पानापासून वाचा. दीड-दोनशे ओळी असतील, पण वाचताना लक्षात येईल की त्याच त्याच सात-आठ सूचना फिरून आल्या आहेत. त्या एका कागदावर उतरवा: रेघ मारून मग प्रश्न, सात मिनिटांत उतारा सुटत नसेल तर पुढे, उताऱ्यागणिक गोल, लॉजिकलमध्ये 'अ' नाही. कुणाचा कागद कुणाच्या उपयोगाचा नसतो, म्हणून मैत्रिणीचा उतरवून घेऊ नका. पेपर दुपारी असतो. सकाळी तो कागद दोनदा वाचा आणि घरीच ठेवून निघा.